हिवाळी हवामानाचे अंदाज व थंडीची पूर्वतयारी
(नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेतीच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

नाशिक जिल्ह्यात मार्गशीर्ष व पौष या महिन्यांतील थंडी सर्वांना सारखी नसते. गव्हाच्या शेतकऱ्याला ती हवी असते. कारण थंडी पडली म्हणजे गव्हास फुटवे चांगले येतात व दाणा भरतो. द्राक्षबागायतदाराला तीच थंडी भयप्रद वाटते. किमान तपमान बरेच खाली गेले म्हणजे मण्यांची फुगवण थांबते, आणि पाणी उतरण्याच्या अवस्थेत असलेले मणी तडकतात. बागलाण भागात छाटणी लवकर केली जाते. तेथील माल नेमका ऐन थंडीच्या सुमारास तयार होत असल्याने हा धोका तेथे अधिक जाणवतो. वर्षभराचा खर्च, औषधे, मजुरी आणि बहुधा कर्जही ज्या पिकात अडकलेले असते, त्याचे भवितव्य अशा वेळी एक-दोन पहाटांवर अवलंबून राहते.

अशा प्रसंगी बागायतदार हवामानाच्या अंदाजाकडे पाहतो. अंदाज कधी खरा ठरतो, कधी ठरत नाही. थंडीचा इशारा मिळाला, रात्रभर जागून शेकोट्या पेटविल्या, पाणी दिले, आणि पहाटे तपमान अपेक्षेहून तीन अंशांनी अधिक भरले, असे दोन-तीनदा घडले की ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीची आठवण होते आणि पुढच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष होते. नेमका तोच इशारा खरा ठरला तर नुकसान मोठे होते. अंदाज अविश्वसनीय आहे, म्हणून तो निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष यातून सामान्यतः काढला जातो. हा निष्कर्ष तर्कास धरून आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी किमान तपमानाचा अंदाज का चुकतो, चुकणे म्हणजे नेमके काय, आणि चुकण्याची शक्यता गृहीत धरून तयारी कशी आखावी, हे तीन प्रश्न क्रमाने घेतले आहेत.

२. थंडीचे दोन प्रकार

महाराष्ट्राच्या पठारावर पडणारी कडक थंडी दोन कारणांच्या संयोगाने उत्पन्न होते. पहिले कारण म्हणजे उत्तरेकडून येणारी थंड व कोरडी हवा. भूमध्य सागराच्या बाजूने पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात हिमालयाच्या पश्चिम भागात हिमवृष्टी व पाऊस घडवितात. विक्षोभ पुढे निघून गेल्यावर त्याच्या पिछाडीस उत्तरेचे वारे वाहू लागतात, आणि त्यांचा प्रभाव कधी कधी खानदेश, विदर्भ व मध्य महाराष्ट्र येथपर्यंत पोहोचतो. या थंडीस वहनजन्य थंडी म्हणता येईल.

दुसरे कारण स्थानिक आहे. सूर्यास्तानंतर जमीन उष्णतेचे सतत उत्सर्जन करीत असते. आकाश निरभ्र, हवा कोरडी व वारा शांत असेल तर ही उष्णता विनासायास निघून जाते. जमीन आणि तिच्यालगतची हवा झपाट्याने निवते. परिणामी खालची हवा थंड व वरची त्या मानाने उबदार, अशी नेहमीच्या उलट स्थिती निर्माण होते. हिलाच तपमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड असल्याने ती पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन सखल जागी साचते. गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातील निफाड परिसरात किमान तपमान नाशिक शहरापेक्षा पुष्कळदा कमी नोंदले जाते, हे कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्राच्या नोंदींमुळे वृत्तपत्रांच्या वाचकांस परिचित आहे.

बहुतेक कडक पहाटा या दोन्ही कारणांच्या मेळाने घडतात. प्रथम उत्तरेची कोरडी हवा येते. नंतर वारा पडतो, आकाश स्वच्छ राहते आणि स्थानिक निवण्याची क्रिया उरलेले काम करते. पुणे येथे १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश, मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश, आणि नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस इतके किमान तपमान नोंदले गेले. अशा घटना विरळ असल्या तरी अशक्य नाहीत, एवढे या नोंदींवरून ध्यानात यावे.

३. अंदाज का चुकतो

वातावरणाच्या गणिताची मर्यादा मूलभूत स्वरूपाची आहे. एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखविले की, आरंभीच्या स्थितीतील अत्यल्प फरकही काही काळाने मोठा होऊन दोन परस्परभिन्न परिणाम घडवू शकतो. वातावरणाची आजची स्थिती सर्वत्र अचूकपणे मोजणे शक्य नसल्याने अंदाजातील चूक दिवसागणिक वाढत जाते. विक्षोभ एक दिवस उशिरा सरकला तरी उत्तरेचे वारे एक दिवस उशिरा येतात, आणि मंगळवारची म्हणून सांगितलेली थंडी बुधवारी पडते. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा अंदाज जवळजवळ बरोबर असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तो दोनदा चुकलेला असतो.

किमान तपमानाच्या अंदाजास याखेरीज काही खास अडचणी आहेत. मध्यरात्रीनंतर उंचावर ढगांचा पडदा आला तर जमिनीची उष्णता बाहेर जाण्यास अडथळा होतो. मंद वारा सुटला तर वरची उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळते. दव पडू लागले की बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि निवण्याचा वेग मंदावतो. या तिहींपैकी कोणतीही एक गोष्ट घडली वा न घडली, तर पहाटेच्या तपमानात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.

तिसरी अडचण स्थानाची आहे. भारतीय हवामान विभागाने २०१८ मध्ये कार्यान्वित केलेल्या समूह-अंदाज पद्धतीत गणिताच्या जाळ्याचा एक चौकोन सुमारे १२ किलोमीटरचा होता. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये तो ६ किलोमीटरपर्यंत आणला गेला. ही प्रगती मोठी आहे. तथापि ६ किलोमीटरच्या चौकोनात टेकडीचा माथा, मधला उतार आणि ओढ्याकाठची खोलगट जमीन ही तिन्ही असू शकतात. गणिताला त्या साऱ्यांसाठी एकच आकडा द्यावा लागतो.

उंचीचा प्रश्नही असाच आहे. वेधशाळेतील तपमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. शांत व निरभ्र रात्री गवताच्या पृष्ठावरील तपमान पेटीतील तपमानापेक्षा काही अंशांनी कमी असते. जमिनीलगतच्या हवेच्या अभ्यासाची परंपरा पुण्यातच आहे. तेथील कृषी-हवामान विभागाचे प्रवर्तक एल. ए. रामदास यांनी आत्मनाथन यांच्या सहकार्याने १९३२ मध्ये असे दाखविले की, विशिष्ट परिस्थितीत उघड्या जमिनीवर सर्वांत थंड थर प्रत्यक्ष पृष्ठावर नसून त्याच्या थोडा वर, काही सेंटिमीटर ते काही दशक सेंटिमीटर उंचीवर असतो. जमिनीची उष्णता खालून वर जात असता तिच्यालगतची हवा तिच्याहून थंड कशी, हे कोडे प्रथम अनेकांस पटले नाही. पुढे निरनिराळ्या देशांतील निरीक्षणांनी त्यास पुष्टी मिळाली, आणि आज तो थर ‘रामदास थर’ या नावाने ओळखला जातो. तात्पर्य, ‘आज किमान तपमान इतके होते’ हे विधान उंची व जागा सांगितल्याविना अपुरे असते. अंदाजास चुकीचा ठरविणारा बागेतील तपमापक आणि अंदाज ज्याविषयी होता ती वेधशाळेची पेटी, यांत मुळातच अंतर असू शकते.

४. ‘अचूक’ अंदाज आणि उपयुक्त अंदाज

अंदाजाची पारख करताना ‘शंभरातून किती बरोबर’ असे विचारण्याचा प्रघात आहे. ही कसोटी किती फसवी आहे, हे अमेरिकेतील एका जुन्या प्रकरणावरून कळते. जॉन फिन्ले या सैनिकी अधिकाऱ्याने १८८४ मध्ये चक्रीवादळी झोतांचे म्हणजे ‘टोर्नेडों’चे प्रायोगिक अंदाज दिले. एकूण २८०३ अंदाजांपैकी २७०८ बरोबर ठरले. म्हणजे अचूकता शेकडा ९६.६. परंतु जी. के. गिल्बर्ट यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की, ‘टोर्नेडो होणार नाही’ असे डोळे मिटून प्रत्येक वेळी सांगितले असते तर २७५२ अंदाज, म्हणजे शेकडा ९८.२, बरोबर ठरले असते. फिन्लेच्या अंदाजांत ५१ पैकी २८ टोर्नेडोंची सूचना आधी मिळाली होती. डोळे मिटून दिलेल्या अंदाजात एकाचीही मिळाली नसती. अधिक ‘अचूक’ असलेला अंदाज येथे सर्वथा निरुपयोगी आहे.

थंडीच्या बाबतीतही हेच लागू पडते. समजा, हिवाळ्याच्या शंभर रात्रींत धोक्याच्या रात्री चारच असतात. ‘धोका नाही’ असे रोज म्हणणारा मनुष्य शेकडा ९६ वेळा बरोबर असतो आणि बाग मात्र चारही वेळा उघडी पडते. विरळ पण घातक घटनांच्या अंदाजात काही खोटे इशारे अपरिहार्य असतात. ते पूर्णपणे टाळावयाचे म्हटले, तर खरे इशारेही हातचे जातात.

अ‍ॅलन मर्फी यांनी १९९३ मध्ये ‘चांगला अंदाज’ या शब्दाचे तीन अर्थ वेगळे करून दाखविले. अंदाज वर्तविणाऱ्याच्या खऱ्या मताशी अंदाज जुळणे ही सुसंगती, अंदाज प्रत्यक्षाशी जुळणे ही गुणवत्ता, आणि अंदाजामुळे वापरणाऱ्याचा लाभ होणे हे मूल्य. मूल्य हे केवळ अंदाजाच्या अंगी नसते. ते वापरणाऱ्याच्या परिस्थितीवर अवलंबून असते. एकच अंदाज गहू पिकविणाऱ्यास शून्य मूल्याचा व द्राक्षे पिकविणाऱ्यास मोठ्या मूल्याचा असू शकतो.

अंदाजाबरोबर त्याची खात्री किती हे सांगावे, ही कल्पनाही नवी नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. अर्नेस्ट कुक यांनी १९०६ मध्येच आपल्या अंदाजांना एक ते पाच असे खात्रीचे अंक जोडून पाहिले होते. आजच्या समूह-अंदाज पद्धतीत आरंभीच्या स्थितीत किंचित फरक करून तेच गणित अनेक वेळा केले जाते. सर्व उत्तरे जवळजवळ आली तर खात्री अधिक. ती विखुरली तर खात्री कमी.

५. खर्च आणि नुकसान यांचे गुणोत्तर

स्वीडनचे हवामानशास्त्रज्ञ आंडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी १९२२ मध्ये अंदाजाच्या उपयोगाचा जो विचार मांडला, तो या प्रश्नाच्या मुळाशी जातो. बचावाचा खर्च आणि बचाव न केल्यास होणारे टाळता येण्याजोगे नुकसान, यांचे गुणोत्तर काढावे. धोक्याची संभाव्यता या गुणोत्तरापेक्षा अधिक असेल तेव्हा बचाव करावा. कमी असेल तेव्हा करू नये. नियम साधा आहे, पण त्याचे फलित सहजासहजी ध्यानात येत नाही.

काल्पनिक उदाहरण घेऊ. एका बागेत एका रात्रीच्या बचावास एकरी २,००० रुपये खर्च येतो आणि त्यामुळे धोक्याच्या रात्री ३०,००० रुपयांचे नुकसान टळते, असे समजा. गुणोत्तर एकास पंधरा, म्हणजे शेकडा सुमारे ६.७ झाले. या बागेस ४ अंश व त्याखालील तपमान घातक आहे, आणि अंदाजातील चुकांचे प्रमाण विचलन २ अंश आहे, असेही समजू. चुका सामान्य वितरणानुसार विभागलेल्या धरल्यास, ४ अंशांचा अंदाज असताना तपमान ४ वा त्याखाली जाण्याची संभाव्यता शेकडा ५०, अंदाज ५ असताना ३१, अंदाज ६ असताना १६, अंदाज ७ असताना सुमारे ७, आणि अंदाज ८ असताना केवळ २ येते. म्हणजे या बागायतदाराने ४ अंशांच्या अंदाजाची वाट न पाहता, ७ अंशांचा अंदाज मिळताच तयारीस लागले पाहिजे.

पिकाची धोक्याची रेषा आणि तयारीची रेषा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या लेखातील मुख्य मुद्दा होय. सामान्यतः ज्या तपमानास पीक बिघडते त्याच आकड्याचा अंदाज येईपर्यंत लोक थांबतात. तसे करणारा मनुष्य अंदाज पूर्णपणे अचूक असल्याचे नकळत गृहीत धरतो. आणि तोच मनुष्य अंदाज अविश्वसनीय असल्याची तक्रारही करतो. अंदाज जितका कमी भरवशाचा, तितकी स्वस्त बचावाची रेषा वर, म्हणजे अधिक सावधगिरीकडे सरकली पाहिजे. अविश्वसनीयता हे दुर्लक्षाचे कारण नसून अशा प्रसंगी लवकर सावध होण्याचे कारण आहे.

वरील उदाहरणातील बागायतदाराने एका हंगामात पंधरा रात्री बचाव केला व त्यांतल्या दोनच रात्री खरोखर घातक निघाल्या, तर तेरा इशारे ‘खोटे’ ठरले असे लोक म्हणतील. हिशेब मात्र असा : खर्च ३०,००० रुपये, टळलेले नुकसान ६०,००० रुपये. याउलट ज्याच्या बचावाचा खर्च नुकसानीच्या निम्मा आहे, त्याने ४ अंशांच्या अंदाजापर्यंत थांबणेच योग्य. दोघांस एकच इशारा मिळाला, तरी दोघांची योग्य कृती वेगळी आहे.

अनिश्चिततेचे मापही रोज सारखे नसते. स्थिर हवेच्या दिवसांत विचलन १ अंश असेल, तर ६ अंशांच्या अंदाजात ४ वा त्याखाली जाण्याची संभाव्यता शेकडा २ च येते. विक्षोभ सरकत असताना तेच विचलन ३ अंश झाले, तर ती शेकडा २५ होते. आकडा ६ हाच, परंतु धोका दहा-बारा पटींनी अधिक. केवळ एक आकडा देणाऱ्या अंदाजापेक्षा त्याचा पल्ला सांगणारा अंदाज श्रेष्ठ का, हे यावरून स्पष्ट होईल.

या गणितास दोन मर्यादा आहेत. पहिली, सलग रात्रींचे नुकसान परस्परांवर अवलंबून असते. एकदा तडकलेला मणी दुसऱ्या रात्री पुन्हा तडकत नाही. दुसरी, रुपयांचे मोल सर्वांस सारखे नसते. कर्जात असलेल्या छोट्या बागायतदारास एक हंगाम गमावणे म्हणजे जमीन गमावणे ठरू शकते. त्याने साध्या गुणोत्तरापेक्षाही अधिक सावध राहणे शहाणपणाचे होय.

गुणोत्तर अत्यल्प असल्यास अंदाजाची गरजच उरत नाही. उघड्यावर झोपणाऱ्या निराधारांस पांघरूण व रात्रनिवारा पुरविण्याचा खर्च आणि माणसाचा जीव, यांची तुलनाच होऊ शकत नाही. असे निवारे थंडीच्या लाटेच्या घोषणेवर अवलंबून न ठेवता सबंध हिवाळा उघडे असावेत, हा त्याचा सरळ अर्थ आहे. मैदानी प्रदेशात किमान तपमान १० अंश वा त्याखाली असून सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक उतरल्यास, अथवा ते प्रत्यक्ष ४ अंशांवर वा त्याखाली आल्यास थंडीची लाट मानली जाते. ही व्याख्या हवामानाच्या वर्गीकरणासाठी आहे. फाटक्या पांघरुणाखालील म्हाताऱ्या माणसास ९ अंशही घातक ठरू शकतात.

६. तयारीचे तीन टप्पे

अंदाजाची विश्वसनीयता मुदतीनुसार बदलत असल्याने तयारीही मुदतीनुसार विभागली पाहिजे.

पहिला टप्पा हंगामाचा. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळासाठी दिला जाणारा हंगामी अंदाज थंडी सरासरीपेक्षा कमी राहील की अधिक, एवढाच कल सांगतो. कोणती पहाट घातक ठरेल हे तो सांगू शकत नाही. या टप्प्यावर अंदाजापेक्षा गतवर्षांच्या नोंदी अधिक उपयोगी पडतात. फळछाटणीची तारीख ठरली की ऐन थंडीत मणी कोणत्या अवस्थेत असतील हेही बहुतांशी ठरते. म्हणून सर्व बाग एकाच वेळी न छाटता टप्प्याटप्प्याने छाटणे, सखल तुकड्यातील छाटणीचा वेगळा विचार करणे, नवी लागवड करताना हवा साचणारी जागा टाळणे, हे निर्णय हवामानाच्या सरासरीवर आधारावेत. थंड हवेच्या वाटेत बांध, दाट कुंपण किंवा भिंत उताराच्या खालच्या बाजूस असेल तर तिच्यामागे थंड हवा धरणासारखी अडून राहते. तेथे वाट मोकळी ठेवावी. आडोसा वरच्या बाजूस असावा. जळगाव जिल्ह्यातील केळीच्या बागांभोवती जो वारा-अडथळा लावतात, तो वाहत्या थंड वाऱ्यासाठी उपयुक्त आहे. शांत रात्रीच्या थंडीचा प्रश्न वेगळा असतो.

दुसरा टप्पा आठवड्याचा. दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होणाऱ्या कृषी-हवामान सल्ल्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. या मुदतीत साहित्य जमविणे, मजुरांची तजवीज, विजेच्या वेळा पाहून पाण्याच्या पाळ्यांची आखणी, तोडणीस आलेला माल आधी काढणे, अशा परत फिरविता येण्याजोग्या गोष्टी कराव्यात. तण काढून जमीन मोकळी ठेवावी, परंतु नवी नांगरट वा वखरणी करू नये. दाबलेली ओली जमीन दिवसा उष्णता साठवून रात्री ती परत देते. भुसभुशीत कोरडी जमीन ते करू शकत नाही. वाळलेल्या गवताचे आच्छादन मुळांना ऊब देते खरे, परंतु जमिनीची उष्णता वरच्या हवेस मिळू देत नाही. त्यामुळे आच्छादनावरील हवा अधिकच थंड होते.

तिसरा टप्पा त्याच रात्रीचा. येथे दूरच्या अंदाजापेक्षा स्वतःचे निरीक्षण अधिक मोलाचे ठरते. रात्री नऊ-दहाच्या सुमारास आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल, म्हणजे दवबिंदू फार खाली असेल, तर निवण्याची क्रिया पहाटेपर्यंत अखंड चालू राहील. सर्वांत कमी तपमान मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास येते. तेव्हा मध्यरात्री तपमान ठीक आहे म्हणून निर्धास्त होणे चुकीचे होय.

७. उपायांची भौतिक बाजू

शेकोट्यांच्या धुराचे आच्छादन उष्णता अडविते, असा समज सर्वत्र आढळतो. धुराचे कण बहुतांशी एका मायक्रोमीटरहून लहान असतात. जमिनीतून निघणाऱ्या उष्णताकिरणांची तरंगलांबी सुमारे १० मायक्रोमीटर असते. इतके लहान कण त्या किरणांना फारसे अडवीत नाहीत. उलट सकाळी तोच धूर सूर्यप्रकाशास अडवून जमीन तापण्यास विलंब लावतो. लाभ होतो तो धुराने नव्हे, तर जाळाच्या उष्णतेने व तिच्यामुळे होणाऱ्या हवेच्या घुसळणीने. म्हणून एक मोठी शेकोटी पेटविण्याऐवजी अनेक लहान शेकोट्या विखरून पेटविणे इष्ट. मोठ्या जाळाची हवा विपरीततेचा थर भेदून वर निघून जाते व बागेस तिचा उपयोग होत नाही.

पाणी देण्याचा उपाय अधिक भक्कम आहे. विहिरीचे पाणी २४ अंशांचे असेल आणि ते ६ अंशांपर्यंत निवले, तर प्रत्येक लिटरमागे १८ किलोकॅलरी उष्णता जमिनीस व हवेस मिळते. शिवाय ओल्या जमिनीतून खालची उष्णता वर लवकर येते. हे पाणी जमिनीवर द्यावे. कोरड्या हवेत पानांवर तुषार फवारून मध्येच थांबविल्यास उलट परिणाम होतो. कारण एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे ६०० कॅलरी उष्णता लागते आणि ती पानांतून घेतली जाते. एक ग्रॅम पाणी गोठताना केवळ ८० कॅलरी बाहेर पडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे अर्धवट फवारणीचा धोका कळतो.

८. स्थानिक नोंदींचे महत्त्व

अंदाज वेधशाळेसाठी असतो व निर्णय बागेसाठी घ्यावयाचा असतो. या दोहोंमधील दुवा म्हणजे बागेतील नोंद. साध्या पेटीत, वेलीच्या घडांच्या उंचीवर एक किमान-तपमापक ठेवून एक-दोन हिवाळे रोजची नोंद केल्यास जवळच्या वेधशाळेशी असलेला सरासरी फरक काढता येतो. निरभ्र-शांत रात्री आणि ढगाळ वा वाऱ्याच्या रात्री यांची सरासरी स्वतंत्र काढावी, कारण हा फरक मुख्यतः पहिल्या प्रकारच्या रात्रीच दिसतो. बागेचे तपमान वेधशाळेपेक्षा सरासरी २ अंशांनी कमी राहते असे आढळले, तर मागील उदाहरणातील तयारीची रेषा ७ ऐवजी वेधशाळेच्या ९ अंशांवर येईल. वेधशाळेच्या आकड्यात काहीही बदल न होता अंदाज त्या बागेपुरता सुधारतो. त्याच वहीत अंदाजाचा आकडाही लिहिला, तर चुकांचे विचलन किती हेही कळते, आणि अंदाज किती ‘अविश्वसनीय’ आहे या प्रश्नास तक्रारीऐवजी मापाने उत्तर मिळते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे अभ्यासाचे मोठे क्षेत्र आहे. एका लहान खोऱ्यात माथा, उतार व तळ येथे तपमापकांची रांग लावून एका हिवाळ्याच्या नोंदी घेणे. घडांच्या उंचीवरील व वेधशाळेच्या उंचीवरील तपमानांची तुलना करणे. निरनिराळ्या पिकांसाठी व निरनिराळ्या आर्थिक स्तरांतील शेतकऱ्यांसाठी खर्च-नुकसानीचे गुणोत्तर प्रत्यक्ष पाहणीतून निश्चित करणे. या प्रत्येक कामास साधने थोडी व चिकाटी पुष्कळ लागते. तालुक्यासाठी एकच इशारा देण्याऐवजी ‘ज्यांचा बचाव स्वस्त आहे त्यांनी आजच तयारी करावी, ज्यांचा महाग आहे त्यांनी उद्याच्या अंदाजापर्यंत थांबावे’ असा श्रेणीबद्ध सल्ला देणे अशाच अभ्यासातून शक्य होईल.

९. उपसंहार

हिवाळी अंदाज यापुढेही चुकत राहतील; गणिताचे जाळे कितीही बारीक झाले तरी मध्यरात्रीचा ढग व पहाटेची झुळूक यांची अनिश्चितता पूर्णपणे नाहीशी होणार नाही. प्रश्न अंदाजावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, असा नाही. धोक्याची संभाव्यता किती, बचावाचा खर्च किती, नुकसान किती, आणि आपली जागा वेधशाळेहून किती वेगळी, हे चार आकडे ज्याच्या हाती आहेत त्याला चुकणाऱ्या अंदाजाचाही उपयोग करून घेता येतो. तेरा इशारे खोटे ठरल्यावर चौदाव्या रात्रीही उठून बागेत पाणी सोडणारा शेतकरी भोळा नसतो. त्याचा हिशेब पक्का असतो.